सीटमागचा स्विच

अंधार पडायला लागला की अण्णा चपला शोधायला लागायचे. सुरुवातीला मी त्या कपाटावर लपवून ठेवायचे. मग एकदा ते अनवाणीच निघाले, मोठ्या रस्त्यापर्यंत पोचले आणि ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना परत आणून सोडलं. तेव्हापासून चपला लपवणं बंद केलं आणि फाटकाला कुलूप लावायला लागले.

"गाडीची लाइट चालू राहिलीय," ते कुलूप हलवत म्हणायचे. "बॅटरी उतरेल. एवढं बंद करून येतो."

गाडी म्हणजे त्यांचा ट्रक. तो विकला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, आणि आता माझे केस पिकायला लागलेत. पण अण्णांच्या डोक्यात तो ट्रक कुठल्याशा रस्त्याच्या कडेला उभा होता, दोन्ही दिवे जळत होते, आणि एक ते सोडले तर बाकी सगळ्या जगाला याचं काही पडलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा विसरण्याचा आजार आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. डॉक्टरांचं काय जातं सांगायला! मी वाद घालायचे. स्वभावच तसा, नाहीतर लहानपणापासून घरादाराने मला ठिणगी म्हटलं नसतं.

"अण्णा, ट्रक विकला."

"कोणी?"

"तुम्ही."

"मी कशाला विकेन?" असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे आणि त्यांचा चेहरा असा उतरायचा की माझी मलाच लाज वाटायची. रोज संध्याकाळी मी त्यांचा ट्रक नव्याने विकत होते.

मग मी खोटं बोलून पाहिलं. म्हटलं, मी जाऊन बंद करून आले. त्यावर त्यांनी मान हलवली. "दुसऱ्याने सांगितलं म्हणून बंद झालं असं नसतं." हे खरं तर त्यांनीच मला शिकवलेलं. ट्रक विकल्यावर त्यांनी घरापुढच्या खोलीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, आणि माझं लग्न मोडून मी परत आले तेव्हा त्याच दुकानात मला स्टूल दिलं. पहिल्या दिवशी पहिला नियम हाच सांगितला. आपल्या हाताने बंद केल्याशिवाय बंद झालं म्हणायचं नाही. आता दुकान माझं आहे, आणि तो नियम माझ्याच अंगावर उलटला होता.

ते संध्याकाळचं जेवेनासे झाले. ताट तसंच राहायचं आणि ते फाटकाची सळई धरून उभे. एकदा उभ्या उभ्याच तोल गेला, कपाळाला खोक पडली. टाके घालताना डॉक्टरांना म्हणत होते, लवकर करा हो, गाडी चालू आहे.

माझा मोठा भाऊ, दादा, परगावी राहतो; ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारा माणूस. त्याला बॅटरीचं प्लस आणि मायनस सांगता येत नाही. पण तो ट्रक त्यानेच शोधून काढला. कोणाकोणाला फोन केले, किती जणांचे पाय धरले देव जाणे, आणि एका रविवारी माझ्या दुकानापुढे ट्रेलर येऊन उभा राहिला. त्याच्यावर एका वीटभट्टीच्या मागून उचललेला अण्णांचा ट्रक होता. नाकाड बसलेलं, एक डोळा फुटलेला, टायरांच्या जागी नुसत्या रिंगा.

"हे काय आणलंस?" मी म्हटलं.

"नीट ऐक," दादा म्हणाला. "हा चालायची गरज नाही. इंजिन गेलं खड्ड्यात. फक्त लाइट लागल्या पाहिजेत. अण्णांना केबिनमध्ये बसवायचं, त्यांच्या हाताने त्या बंद करायला लावायच्या. संपलं. त्यांचा जीव शांत होईल."

मी हसले. म्हटलं, मेंदूचा आजार स्विचने बरा होत असता तर मी डॉक्टर झाले असते. दादा दारातून आत, झोपलेल्या अण्णांच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत राहिला. मग मी टेस्ट लॅम्प घेऊन ट्रकखाली शिरले. खरं सांगायचं तर हे त्याच्यापेक्षा मलाच जास्त हवं होतं. दादा रजा टाकून वहिनीसह इथेच राहिला.

पत्र्याचं काम करायला पत्रेवाला आला. आमच्याच गल्लीतला, दिवसभर ठोकाठोक आणि त्याहून जास्त बडबड करणारा. केबिन त्याची, वायरिंग माझी, असं ठरलं. ट्रक अंगणाच्या एका कडेला उभा करून वर मोठी ताडपत्री टाकली, म्हणजे वेळ येईपर्यंत अण्णांच्या नजरेला पडायला नको.

वायरिंग उघडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विकल्यापासून त्या ट्रकचे किती मालक झाले कोण जाणे, पण प्रत्येकाने आपापली अक्कल त्यात कोंबलेली होती. हॉर्नची वायर वायपरच्या मोटरमधून फिरवलेली. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. घरातल्या पंख्याची वायर, टेबललॅम्पची वायर, एके ठिकाणी तर चक्क लोखंडी तार, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टण हात लावला की भुगा होऊन पडत होतं.

"सगळं उपटून नवं टाक की," दादा म्हणाला. "सोपं पडेल."

"नवं टाकलं तर तो अण्णांचा ट्रक राहील का?" मी खेकसले. "तुला नाही कळायचं. त्यांच्या हाताला ओळख पटली पाहिजे."

म्हणून मी ठरवलं, अण्णांनी केलेलं जेवढं आहे तेवढं ठेवायचं, आणि इतरांचं उपटायचं. मला ते ओळखणं अवघड नव्हतं. अण्णांचा जॉइंट म्हणजे दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पिळलेल्या, वर टेप सपाट बसवलेली, आणि टेपचं शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं, म्हणजे पुढे कधी उघडायची वेळ आली तर नखाने सुटावं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून तेच केलं. अण्णांचा जॉइंट मी डोळे मिटून ओळखते, असं मी पत्रेवाल्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यालाही ते पटलेलं दिसलं, कारण त्या दिवशी तो गल्लीभर तेच सांगत सुटला.

ओळखायचे, ठेवायचे. नाही ओळखलं की कटर. दुकानामागे कापलेल्या वायरींचा ढीग वाढत चालला.

पहिले काही दिवस बरे गेले. एक दिवा मिणमिणत होता, तो अर्थिंगचा दोष निघाला, गंज घासला आणि सुधारला. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा, तर चेसिसच्या एका कडेवर घासून वायर उघडी पडली होती. तिला रबराची नळी घातली. फुटलेल्या दिव्याच्या जागी दुसरा बसवला. एका दुपारी मी डॅशबोर्डवरचा स्विच ओढला आणि ताडपत्रीच्या आत दोन्ही दिवे एकदम लख्ख लागले. दादाने टाळ्या वाजवल्या. वहिनी चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून बघतच राहिली.

"बसू का?" म्हणत दादा ड्रायव्हरच्या सीटवर चढला आणि लाइट गेली.

तो उतरला, लाइट आली. परत चढला, परत गेली.

"वजन कमी कर म्हणून किती दिवस सांगतेय," वहिनी म्हणाली. सगळे हसलो. मीही हसले, कारण मला वाटलं होतं की हे तासाभराचं काम आहे.

त्या दोषाने माझ्या नाकी नऊ आणले. सीटखाली बघितलं, काही नाही. बॅटरीपासून डॅशपर्यंत एकेक वायर टेस्ट लॅम्पने तपासली, सगळीकडे लॅम्प लागत होता, म्हणजे करंट पोचत होता. मी सीटवर बसले तर कधी लाइट जायची, कधी नाही. पत्रेवाला बसला तर नक्की जायची. दादाला सीटवर बसवून मी खाली आडवी पडायचे, तो हलायचा, दिवे लुकलुकायचे, मी ओरडायचे की हलू नकोस, तो म्हणायचा मी श्वास घेतोय. सापडतोय असं वाटेपर्यंत दोष नाहीसा व्हायचा. आणि तिकडे संध्याकाळ झाली की फाटकाशी कुलूप वाजायला लागायचं. एका बाजूला मी ताडपत्रीत, दुसऱ्या बाजूला अण्णा फाटकात, दोघंही एकाच ट्रकच्या लाइटसाठी जीव टाकत होतो, आणि मध्ये फक्त अंगण होतं.

"आजही जेवले नाहीत," वहिनी रोज येऊन सांगायची. तिचं दुसरं काही म्हणणं नसायचं, पण मला ते आरोपासारखं लागायचं.

शेवटी चिडून मी अख्खी सीट बाहेर काढली. सीटमागे केबिनच्या पत्र्याला एक छोटंसं भोक होतं, आणि त्यातून दोन वायरी आतल्या पोकळीत गेल्या होत्या. मागचा पत्रा खोलल्यावर आत एक पितळी स्विच सापडला, जुना, दांडीचा. बॅटरीतून येणारा सगळा करंट डॅशकडे जाण्याआधी या स्विचमधून फिरून जात होता. आणि त्या स्विचजवळ होता एक जॉइंट. तसला जॉइंट मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. लिंबाएवढं गाठोडं. तारा पिळलेल्या नाहीत, नुसत्या एकमेकींत अडकवलेल्या. टेप कशीही, पुन्हा पुन्हा गुंडाळलेली, टोकाला कुरतडल्यासारखी. टेपच्या आत काळं पडलेलं फडकं. कोणी सीटवर बसलं की पाठ मागे रेलायची, वायर ताणली जायची आणि ते गाठोडं आतल्या आत सुटायचं.

"हे कुठल्या गाढवाने केलंय!" मी इतक्या जोरात ओरडले की पत्रेवाल्याच्या हातातली हातोडी थांबली. "फडकं गुंडाळलंय, फडकं! आणि टेप काय उंदराने कापलीय का?"

मी ते गाठोडं कापून फेकून दिलं. दोन्ही वायरी सरळ जोडल्या, अगदी अण्णांच्या पद्धतीने पिळून, टोक दुमडून. दादाला बसवलं. तो बसला, रेलला, उड्या मारल्या. लाइट ढिम्म हलली नाही. पितळी स्विच चांगला होता म्हणून डब्यात टाकला. कापलेल्या वायरींचा ढीग मागे नेऊन पेटवला, आम्ही नेहमी पेटवतो तसा, वरचं जळून जातं आणि तांबं उरतं. ते गाठोडंही त्यातच गेलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताडपत्री काढली. अण्णा फाटकाशी उभे होते. दादाने डॅशचा स्विच ओढला आणि अंगणात उजेड पडला.

अण्णा वळले. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. तो असा खुलला की मला भरून आलं.

"बघा!" ते म्हणाले. "राहिलीच होती ना चालू! मी सांगत होतो, तर कोणी ऐकायला तयार नाही."

"चुकलंच आमचं, अण्णा," दादा म्हणाला.

त्यांना चढवायला दादा पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला. घरातल्या उंबऱ्याला अडखळणारा माणूस, पण इथे एक हात दांड्यावर, एक पाय पायरीवर, आणि हां हां म्हणता सीटवर जाऊन बसले. स्टिअरिंगवरून हात फिरवला. मी दुसऱ्या दाराने चढून त्यांच्या शेजारी बसले. अंगात कामाचा डगला होता, कपाळाला टॉर्च बांधलेली.

"बंद करा, अण्णा," मी डॅशवरचा स्विच दाखवत म्हटलं.

त्यांनी तिकडे बघितलंही नाही. नजर समोर काचेकडे ठेवून त्यांनी एक हात सीटमागे नेला. हात मागच्या पत्र्यावरून खाली सरकला, भोकापाशी थांबला, बोटं आत गेली. बोटं भोकात फिरत राहिली, वर, खाली, पुन्हा वर. आत काहीच नव्हतं.

ते माझ्याकडे वळले. तोपर्यंत ते मला नावाने हाक मारत नसले तरी तू म्हणायचे. घरातलं कोणीतरी आहे एवढं त्यांना पक्कं माहीत असायचं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "इथला स्विच कोणी काढला?"

"मी काढला."

"का बरं?"

"जॉइंट खराब होता, अण्णा. सीटवर बसलं की सुटत होता."

"खराब कसा असेल? माझ्या पोरीने केलेला आहे तो."

मी मागे वळून त्या भोकाकडे बघितलं.

"मी गाडीतच झोपतो ना," अण्णा समजावून सांगायला लागले, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "आडवं पडल्यावर सगळी लाइन बंद करायला हाताशी स्विच पाहिजे होता. पण त्या भोकात माझा हात जाईना. तिचा गेला. एवढासा हात तिचा. सगळं आतून तिने जोडलं, मी फक्त बाहेरून टॉर्च धरून उजेड दाखवला. नुसत्या टेपवर तिचा भरवसा बसेना, तर वेणीची रिबीन सोडून गुंडाळली पोरीने. आणि वरून टेप लावली ती दाताने तोडून." ते हसले. "मी म्हटलं, ठिणगे, पीळ घट्ट दे. तर म्हणते, मला येतं."

"अण्णा..."

"तिला विचारल्याशिवाय हात लावायला नको होता हो तुम्ही, मिस्त्री."

मी आठवायचा प्रयत्न केला. तिथेच बसून, सगळा जीव एकवटून. त्या ट्रकचा हॉर्न मला आठवतो, डिझेलचा वास आठवतो, केबिनच्या खिडकीतून खाली बघितलं की रस्ता किती लांब दिसायचा तेही आठवतं. पण भोकात घातलेला हात आठवत नाही. एका वेणीची रिबीन हरवली म्हणून आई ओरडली होती असं काहीतरी अंधुक आलं, पण ते खरंच आठवलं की आत्ता ऐकल्यावर माझं मीच तयार केलं, हे मला सांगता येत नव्हतं. माझा पहिला जॉइंट होता तो. विसरण्याचा आजार झालेल्या माणसाने तो नीट जपून ठेवला होता, आणि मी, डोळे मिटून जॉइंट ओळखणारी, त्याला गाढवाचं काम म्हणून जाळून बसले होते.

डॅशचा स्विच बंद करायला अण्णा तयार होईनात. "त्याने काय होतं? आतली लाइन चालूच राहते." दादाने खालून हात घालून तो स्विच बंद केला तर त्यांनी परत चालू केला. ते सीटमागे हात घालून बसून राहिले, उतरेनात. अंगणात उजेड तसाच. शेवटी वहिनी पायरीवर चढली आणि मऊ आवाजात म्हणाली, "अण्णा, तुमची लेक शाळेतून आली की लावेल ना तो स्विच. तोवर खाली या."

"ती येईल?"

"येईल की."

तेव्हा उतरले. वहिनीचा काय दोष? त्या वेळी मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

सकाळी मी राखेत बसले. तांब्याच्या तारांचं काळं जाळं हाताने उसवून बघितलं. पितळी स्विच डब्यात शाबूत होता, पण ते गाठोडं म्हणजे एक काळा खडा झाला होता, दाबला तर भुकटी. रिबिनीचा धागासुद्धा उरला नव्हता. पत्रेवाला बघत होता. थोड्या वेळाने तो हातोडी खाली ठेवून माझ्याबरोबर राख चाळायला बसला.

मग मी बाजारातल्या दुकानातून लाल रिबीन आणली. "शाळेला घालायची ना? किती वर्षांची आहे मुलगी?" दुकानदारीण म्हणाली. मी म्हटलं, लहान आहे.

केबिनमागचा पत्रा परत खोलला, कारण माझा हात आता त्या भोकात जात नाही. स्विच होता त्या जागी बसवला, ताण बसू नये म्हणून वायर सैल सोडली. आणि जॉइंट करायला घेतला. तो वाईट करायचा होता, बस. पण बोटं ऐकेनात. तारा हातात आल्या की आपोआप पिळल्या जायच्या. उसकटल्या, पुन्हा नुसत्या अडकवल्या. रिबीन गुंडाळली तर ती एकसारखी, सपाट बसली. काढली, वाकडी गुंडाळली. टेप दाताने तोडली, तिची चव जिभेवर आली, आणि मी वाट बघितली की त्या चवीबरोबर काहीतरी आठवेल. नाही आठवलं. मी तशीच तोंडात टेपचा तुकडा धरून रडले. मग डोळे पुसून ते गाठोडं पूर्ण केलं.

संध्याकाळी दादाने पुन्हा लाइट लावली. अण्णा तसेच चढले, तसेच बसले. मी शेजारी. हात सीटमागे गेला, बोटं भोकात शिरली आणि थांबली.

खट्. दिवे गेले, डॅश गेला, सगळा ट्रक काळोखात बुडाला. अण्णांनी इतका मोठा श्वास सोडला की तो किती महिने आत धरून ठेवला होता कोण जाणे.

"झालं," ते म्हणाले.

खाली अंधारात दादा नाक ओढत होता. मला वाटलं, आता त्यांना उतरवावं, जेवायला वाढावं. पण अण्णांची बोटं अजून भोकातच होती. ती स्विचवरून मागे सरकली होती आणि जॉइंट चाचपत होती. आमच्या धंद्यात अंधारात असंच बघतात. त्यांनी तो दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघितला. तो सुटला नाही.

"हा तिचा नाही," ते म्हणाले.

"तिचाच आहे, अण्णा. बघा, रिबीन आहे."

"नाही हो, मिस्त्री." त्यांनी हात बाहेर काढला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला वाईट वाटू नये म्हणून. "तुम्ही चांगला केलाय. पक्का आहे. पण तिचा नाही. राहू द्या, ती आली की करेल."

"अण्णा, मीच ठिणगी."

त्यांनी अंधारात माझ्याकडे निरखून बघितलं. मी कपाळावरची टॉर्च लावून आपल्याच तोंडावर धरली. ते हसले, लहान मूल काहीतरी वेडंवाकडं बोललं की हसतात तसे.

"ती एवढीशी आहे," म्हणून त्यांनी गिअरच्या दांडीच्या उंचीला हात धरून दाखवला.

त्या दिवसापासून त्यांनी लाइटचं नाव काढलेलं नाही. दादा परत गेलाय, फोनवर म्हणतो, बघ, मी म्हटलं होतं ना? मी हो म्हणते. त्याने एवढी धडपड केली, त्याला कशाला सांगू? ट्रक अंगणात उभा आहे, स्विच बंद आहे, बॅटरी भरलेली आहे. वायरिंगमध्ये आता काहीही दोष नाही.

अंधार पडायला लागला की अण्णा फाटकाशी जातात. आता कुलूप हलवत नाहीत. नुसते सळई धरून रस्त्याकडे बघत उभे राहतात. ताट आत झाकलेलं असतं.

"ठिणगी आली नाही अजून शाळेतून," ते म्हणतात.

"आले ना, अण्णा. ही काय इथेच आहे."

ते माझ्याकडे बघतात. मला आता रोज तुम्ही म्हणतात, अगदी अदबीने. "तुमचं काम झालं ना, मिस्त्री? मग तुम्ही निघा. तुमच्याही घरी कोणी वाट बघत असेल."

एकदा मी खरंच निघाले. वाटलं, बाहेरून चालत आले तर कदाचित पटेल. फाटक उघडलं, कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून परत आले, केसांना ती उरलेली लाल रिबीन बांधून. रस्त्यात येणारी एकटी मीच होते. अण्णांनी मला येताना बघितलं, जायला वाट मिळावी म्हणून जरा बाजूला सरले, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत राहिले.